मदत हवी आहे: डीएनए टेस्टचं किट, थुंकी द्यावी की नको?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. घरात छापील कुलवृत्तांत असूनही त्याला मूळ शोधायची हौस, त्यामुळे यंदा आंबे खायला आला तो डीएनए टेस्टची किटं घेऊनच. नळीत रेघेपर्यंत थुंकी भरायची, झाकण दाबायचं, झालं. आमचे अण्णा तयारच. "थुंकीच तर मागतोय, सातबारा थोडाच!"

मला मात्र धाकधूक आहे. २०२३ मध्ये अशाच टेस्ट करणाऱ्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती इतर साइटवरून फुटलेल्या पासवर्डांनी उघडली गेली आणि नातेवाईक जुळवून देणाऱ्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड निदान बदलता तरी येतो, डीएनए नाही. शिवाय अण्णांनी डीएनए दिला की निम्मा माझाही गेलाच, आणि मला कोणी विचारलेलंही नाही.

जाणकारांनी सांगावं: खातं बंद केलं की प्रयोगशाळेतला नमुनाही नष्ट करतात, की ते वेगळं कळवावं लागतं? संशोधनाला दिलेली संमती नंतर काढली तर आधी वापरलेल्या माहितीचं काय? आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तिकडच्या कंपनीला लागू होतो का? बहिणीचा आयुर्विमा काढायचाय, त्यात पुढे काही आडवं येईल? कोणी माहिती पुसून घेतली असेल तर मेलमध्ये नेमकं काय लिहिलंत तेही टाका. भाऊ रविवारी निघतोय, त्याआधी कळलं तर बरं.