पेपर त्यांचे, प्रयोग आपल्यावर

वाकडी_वाट (धागाकर्ता):
परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं, "जे-पॅलसारख्या जागतिक संशोधन जाळ्याने चाचणी घेऊन पास केलेल्याच योजना सरकारने राबवाव्यात, बाकीचा पैसा चुलीत." तिथे दोन ओळी खरडल्या, पण समाधान होईना, म्हणून हा धागा.

पास-नापास ठरवणारे स्वतः कधी नापास होत नाहीत का? २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध आला, अमेरिकेतल्या एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेचा शिक्का घेऊन. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते म्हणे, सरासरी उणे ०.१ टक्का. झालं! खर्च कापायला युरोपियन कमिशनचे ओली रेन त्या ९० टक्क्यांचा दाखला देणार, अमेरिकेत खासदार पॉल रायन बजेटच्या प्रस्तावात देणार. तीन वर्षांनी कळतं की एक्सेलमध्ये पाच देश निवडायचेच राहिले होते. दुरुस्त आकडा अधिक २.२. तोवर कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये पेन्शनी कापून झाल्या होत्या. प्राध्यापकांचा पगार कापला का कोणी?

डेटाशास्त्री:
ते महाशय मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

एनबीईआरच्या वर्किंग पेपरवर शिक्काबिक्का नसतो, तो चर्चेसाठी फिरवलेला मसुदा असतो. आणि एक्सेलची चूक सगळ्यांच्या लक्षात राहते कारण ती हसण्यासारखी आहे. खरा घोळ वजनांचा आणि गाळलेल्या वर्षांचा. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्के, आणि ब्रिटनची १९ वर्षं, सरासरी काढताना दोघांना सारखंच वजन. हे बाहेर कसं आलं? थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने फाईल मागितली आणि लेखकांनी ती दिली. मी एकदा एका सरकारी कचेरीकडे माहिती अधिकारात असाच तक्ता मागितला होता. आठ महिन्यांनी उत्तर: "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही."

ग्रीसला तर २०१० च्या मे महिन्यातच बाजारात कोणी कर्ज देईना. पेपर नसता तरी कात्री चाललीच असती.

आणि मुळात तो प्रयोग नव्हता. प्रयोग बघायचा तर बालसखी बघा. २००१ ते २००३, मुंबई आणि वडोदरा. 'प्रथम' या संस्थेने वस्तीतल्याच मुली नेमल्या, त्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास शिकवायच्या. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार, ते सोडतीने. पहिल्या वर्षी ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण किती पसरलेत त्याचं माप) सुधारणा. त्याच विचाराची पद्धत आज आफ्रिकेतल्या शाळांत वापरतात. यात कोणाचं काय वाईट झालं?

वाकडी_वाट:
शिकवणी थांबल्यावर वर्षभरात ती सुधारणा ०.१ च्या आसपास उतरली, हेही त्याच पेपरात आहे. ते सोयीस्कर गाळलंत. एक्सेलचीच चूक समजायची का?

झेडपी_गुरुजी:
बालसखीचं कौतुक ऐकलं. आता उदयपूरचंही सांगा की. याच जे-पॅलच्या मंडळींनी तिथे मास्तरांना कॅमेरे दिले. शाळा भरताना एक फोटो, सुटताना एक फोटो, काढणार विद्यार्थी, आणि पगार फोटो मोजून. गैरहजेरी ४२ वरून २१ टक्क्यांवर आली, टाळ्या! तेव्हापासून जो उठतो तो मास्तराला चोर समजून हजेरीचं ॲप काढतो. आमचा पाडा डोंगरात, रेंज येते टाकीच्या चढावर. सकाळी पोरं वर्गात आणि मी टाकीवर हात वर करून उभा. त्यातून उरलेल्या वेळात जनगणना, मतदारयादी, पोषण आहाराचा हिशेब, आणि "माहिती आजच्या आज लिंकवर भरा". या अशैक्षणिक कामांवर कोणी प्रयोग केलाय का हो? निम्म्या शाळांतल्या मास्तरांना वर्षभर फक्त शिकवू द्या, निम्म्यांना आहे तसं ठेवा. करा की सोडत!

डेटाशास्त्री:
गुरुजी, ते सरकारी मास्तर नव्हतेच. सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांवरचा तो प्रयोग. आणि राग मानू नका, पण माझ्या आत्याच्या गावचे गुरुजी सोमवारी दुपारी उगवायचे आणि शुक्रवारी दुपारी मावळायचे. आतेभाऊ पाचवीपर्यंत जोडाक्षर वाचू शकत नव्हता. आज तो कुठे आहे ते इथे लिहीत नाही.

झेडपी_गुरुजी:
ते सरकारी नव्हते तर त्यांच्यावरून ॲप आमच्या गळ्यात का? आणि तुमच्या आत्याच्या गावच्या एका मास्तरावरून सगळी जमात ठरली का? एका गावाचा नमुना! न्यूझीलंडचं एकच वर्ष म्हणून आत्ता कोण ओरडत होतं?

पुणेरी_पगडी:
हा षटकार. बाकी चालू द्या, चहा टाकलाय.

टिळकरोडकर:
अवांतर: जे-पॅलच्या संस्थापकांपैकी अभिजित बॅनर्जींच्या आई पूर्वाश्रमीच्या पाटणकर. जन्म मुंबईचा, मधलं नाव विनायक. २०१९ चं अर्थशास्त्राचं निम्मं नोबेल आपलंच.

अबोली:
निम्मं कसलं? तिघांत वाटलं होतं, त्यातला अर्धा माणूस आपला. एक षष्ठांश.

असो. मी अशा एका प्रकल्पासाठी दोन वर्षं घरोघर फॉर्म भरलेत, म्हणून लिहिते. एका बाईंकडे तिसऱ्यांदा गेले. दीड तासाचे प्रश्न, काल काय खाल्लं, कोंबड्या किती. शेवटी त्या म्हणाल्या, "शेजारणीला शिलाई मशीन मिळालं, मला कधी?" म्हटलं, कॉम्प्युटरने सोडत काढली, तुमचं नाव तुलनेच्या गटात. "म्हाडासारखी?" म्हटलं, हो. "मग म्हाडावाले हरलेल्याच्या घरी दर सहा महिन्यांनी कोंबड्या मोजायला येतात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मात्र पाजला त्यांनी.

डेटाशास्त्री:
मशीन सगळ्यांना पुरणार नसतील तर सरपंचाच्या मर्जीपेक्षा सोडत बरी, असं मला अजूनही वाटतं.

वाकडी_वाट:
आणि नैरोबी? तिथल्या वस्त्यांत बिल थकवणाऱ्या घरमालकांचं पाणी तोडायचं की नाही, याचा प्रयोग झाला. एनबीईआरनेच छापला, २०२० मध्ये त्यावरून रान उठलं. तिथे काय पुरणार नव्हतं? नळ बंद करायला माणसं?

डेटाशास्त्री:
नैरोबीचं समर्थन मी करणार नाही. झालं समाधान?

आता तुमच्याच बाजूचा एक मुद्दा देतो, घ्यायचा तर घ्या. केनियात कंत्राटी शिक्षक नेमून मुलं पुढे जातात, हे आधी छोट्या प्रयोगात दिसलं. मग तीच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने आणि काही शाळांत सरकारने राबवली, कोणाकडे काय ते सोडतीने. संस्थेकडे गुण वाढले. सरकारकडे शून्य परिणाम. २०१८ साली तो पेपर छापून आला. म्हणजे चाचणीत पास झालेली योजना कोणाच्या हाती पडते त्यावर सगळं. माझं परवाचं वाक्य तेवढ्यापुरतं ढिसाळ होतं. पण हेही प्रयोग करूनच कळलं, हे विसरू नका.

झेडपी_गुरुजी:
वा! "योजना चांगली असते, वरून खाली येईतो तिचा चोथा होतो," हे आम्ही प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगतो. ते सिद्ध व्हायला केनियात सोडत काढावी लागली. आभारी आहे.

वाकडी_वाट:
मंडळी, माझा मूळ मुद्दा ९० टक्क्यांचा होता. त्यावर कोणीच धड बोललं नाही.

झेडपी_गुरुजी:
९० टक्के दाखवायची सक्ती आमच्याकडेही आहे. पटावरच्या उपस्थितीची. आमच्या तक्त्यात कोणी चुका शोधायला येत नाही एवढंच.