अ‍ॅनिमेशनपटात गोष्ट कोण सांगतं, चित्र की पार्श्वसंगीत?

कागदपेन्सिल (धागाकर्ता)

मी कोल्हापुरात अ‍ॅनिमेशन शिकवतो. दरवर्षी नव्या बॅचला 'अप' (२००९) मधला कार्ल आणि एलीच्या संसाराचा तुकडा दाखवतो, आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासकट. जेमतेम चार मिनिटांचा तुकडा, संवाद नाहीत. लग्न, घराची रंगरंगोटी, मूल न होणं, म्हातारपण, एलीचं जाणं. आवाज बंद असताना पोरं गपगुमान बघतात, मागच्या बाकावरचा एखादा मोबाईल काढतो. आवाज लावला की नाकं ओढायला सुरुवात.

सगळे म्हणतात, बघा सर, संगीताची ताकद! मला त्यातून भलतंच दिसतं. चित्र तेच, प्रसंग तेच, आणि पहिल्या वेळीही गोष्ट सगळ्यांना कळलेली असते. विचारून बघितलंय, एकूण एक प्रसंग बरोबर सांगतात. मग दुसऱ्या वेळी वाढलं काय? रडायचा हुकूम.

माझं म्हणणं असं की पार्श्वसंगीत गोष्ट घडवत नाही, गोष्टीकडे कसं बघायचं ते प्रेक्षकाला बजावतं. मोठ्या स्टुडिओंनी या बजावण्याची इतकी सवय लावून ठेवलीय की पात्राच्या खांद्यात, पापणीत चित्रकारानं ओतलेला अभिनय कुणी बघेनासं झालंय. एलीला दवाखान्यात वाईट बातमी कळते तेव्हा तिचे खांदे कसे पडतात ते वर्गात किती जणांना आठवतं? धून मात्र सगळ्यांना गुणगुणता येते.

पटत नसेल तर भांडा.

ठेका_सोळा

भांडतोच. सर, तुम्ही नुसता आवाज बंद केला नाही, त्या तुकड्याची लयच काढून घेतली. संगीतकार मायकेल जियाकिनोनं तिथं एकच वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाची, धून फिरवलीय. सुरुवातीला दबक्या आवाजाचा, जरा मिश्कील ट्रम्पेट. मग तीच धून व्हायोलिनवर. शेवटी नुसता पियानो, एकेक सूर सुटा सुटा. आधी तीन मात्रांवर पाय आपसूक हलतो, शेवटी सूर तेच असून पाय हलत नाही. केस पांढरे झाले हे चित्र सांगतं. पण त्या वाकलेल्या म्हातारीच्या आत ती पळणारी पोरगी अजून आहे, हे धून परत येते म्हणून कळतं. याला गोष्ट सांगणं नाही तर काय म्हणायचं?

आणि 'चित्रावर नंतर संगीत चढवतात' हा जो समज आहे त्याचा हिशोब करू. सेकंदाला २४ फ्रेम. १२ फ्रेमला एक मात्रा धरली तर मिनिटाला १२० मात्रा होतात. तीनतालाचं १६ मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांचं, म्हणजे १९२ फ्रेमचं. डिस्नीच्या मंडळींनी १९२८ साली 'स्टीमबोट विली' असल्याच गणितावर काढली. बोलपट नुकता आलेला, चित्राशी आवाज जुळवायचा कसा हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यांच्यातला विल्फ्रेड जॅक्सन मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, घेऊन बसला आणि कुठल्या मात्रेवर काय घडणार ते कागदावर आधी मांडलं गेलं. मिकीचं पाऊल त्या मात्रेवर पडलंय. ताल आधी, चित्र नंतर.

मुकाट

ठेका, त्याच गणितातून जे पुढं निघालं त्याला या धंद्यात 'मिकी माउसिंग' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. पात्र जिना चढलं की सूर चढणार, घसरलं की सूर घसरणार, चोरपावलांनी निघालं की तारा छेडत पिझिकाटो. डोळ्यांना जे दिसतंय तेच कानात दुसऱ्यांदा. प्रेक्षक काय मठ्ठ आहे?

सरांच्या बाजूनं माझा पुरावा 'लापुटा'. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा १९८६ चा चित्रपट, संगीत जो हिसाइशीचं. मूळ दोन तासांच्या चित्रपटात जवळपास निम्मा वेळ संगीतच नाही. वारा, पंख्यांची घरघर, पावलं, बस. सुरुवातीचा हवाई जहाजावरचा हल्लासुद्धा संगीताविना. पुढं डिस्नीनं इंग्रजी आवृत्ती काढली तेव्हा खुद्द हिसाइशीकडूनच त्या मोकळ्या जागा भरून घेतल्या, कारण तिकडच्या प्रेक्षकाला इतका वेळ संगीताशिवाय चैन पडत नाही असं ठरलं. संगीतकार तोच, चित्र तेच. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघा. पहिलीत तुम्ही धोका शोधता, दुसरीत धोका तुम्हाला आणून दिला जातो. शोधायची मजा गेली ना!

दोन_पोरांची_आई

मुकाटभाऊ, 'तेच दुसऱ्यांदा' म्हणून हिणवू नका हो. आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे. तो बाहेर टॉम अँड जेरी बघतो, मी आत पोळ्या लाटते. पडद्याकडं न बघता मला कळतं जेरी सापडला की सुटला, आणि टॉम आता आपटणार आहे की आपटून झालाय. संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं त्या वाद्यवृंदावर. एमजीएम स्टुडिओत स्कॉट ब्रॅडली हे संगीत करायचे. अवघड आधुनिक संगीतातले सूर त्यांनी मांजराच्या मारामारीत बेमालूम घुसवलेत म्हणे, आणि आपण ते चहात बिस्कीट बुडवत ऐकत आलो.

'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) बघा. टॉम मैफलीत पियानोवर संगीतकार फ्रांझ लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय आणि जेरी त्याच पियानोच्या आत झोपलाय. भांडण होतं ते सगळं त्या रचनेच्या चौकटीत. टॉमला वाजवणं थांबवता येत नाही, हीच तर गंमत. संगीत काढलं तर मागं उरतं काय? कोट घातलेलं एक मांजर. त्याला ऑस्कर मिळालं ते काय उगाच?

मंगळवार_पेठ

एवढं लांब कशाला जाताईसा? खासबागेत कुस्ती बघितलाईसा का कुणी? पैलवान मान धरून नुसते घुमत असले की हलगी संथ चालती. एकानं पट काढला की अशी कडाडती की मागच्या पायरीवरचं म्हातारंबी उठून हुबं ऱ्हातंय. ज्याला डाव कळत न्हाई त्यालाबी हलगीवरनं कळतंय काय चाललंय ते. पन मर्दा, हलगीनं कुस्ती हुत न्हाई. दम पैलवानाचाच लागतोय. सरांचं बराबर हाय.

ठेका_सोळा

भावा, हलगी पैलवानाला ऐकू येते! आवाज चढला की त्याला चेव येतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुस्ती हलगीनं होत नसेल, पण हलगी थांबवून बघ, तीच कुस्ती तशी होते का.

कागदपेन्सिल

पैलवानाला हलगी ऐकू येते, कार्लला पियानो ऐकू येत नाही. हाच तर मुद्दा आहे.

ठेका_सोळा

कार्लला नाही येत. कार्लला काढणाऱ्याला येऊ शकतो. 'फँटेशिया' (१९४०) मध्ये स्टोकोव्हस्कीच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण आधी झालं आणि चित्रं त्यावर काढली गेली. मिकी झाडूंना पाणी भरायला लावतो ती गोष्ट पॉल दुकाच्या संगीतात आधीपासून होती, झाडू नंतर आले. आणि अगदी अलीकडचा 'फ्लो' (२०२४) घ्या. लाटव्हियाचा चित्रपट, एक मांजर, पूर आणि एक होडी, एकही शब्द नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसनं पटकथा लिहितानाच संगीत करायला घेतलं आणि मग रिहार्ड्स झाल्येला सोबत घेऊन ते पुरं केलं. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर त्यालाच.

मुकाट

'फ्लो' माझ्या पारड्यात टाका. संगीत आहे, पण मांजर भेदरलं की ढोल वाजत नाहीत. बराच वेळ नुसतं पाणी आणि प्राण्यांचे खरे आवाज. ज्या दिग्दर्शकाला संगीत येतं त्यालाच ते आवरता येतं असं दिसतंय.

पेटीमास्तर

मंडळी, वयानं वडील म्हणून थोडं बोलतो. तुमचा वाद कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी इथं १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली तो मूकपटांचा काळ. पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन माणसं बसत आणि वर काय चाललंय ते बघून वाजवत. वाजवणारा बदलला की प्रसंगाचा रंग बदलायचा. पुढं प्रभात फिल्म कंपनी इथंच, कोल्हापुरात निघाली, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत दिलं ते गोविंदराव टेंब्यांनी, जे स्वतः त्यात हरिश्चंद्र झाले होते. टेंबे जन्माचे पेटीवाले. सूर कुठं धरायचा आणि कुठं सोडायचा हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. प्रभातनं पुण्याला गेल्यावर १९३४ मध्ये 'जंबू काका' नावाचं एका कोल्ह्याचं बोलतं व्यंगचित्रही काढलं. म्हणजे हे खूळ आपल्याकडं सायबाच्या पाठोपाठच आलेलं आहे.

सर, तुम्हाला एक विचारतो. हुकूम हुकूम म्हणता, पण हुकूम कळायला भाषा यावी लागते. सुटा पियानो म्हणजे दुःख, हे तुमच्या पोरांना शिकवलं कुणी? याच चित्रपटांनी. माझ्या आईला तो पियानो ऐकवला असता तर 'कुणीतरी शिकतंय वाटतं' म्हणाली असती. तिला मारवा रागाचा कोमल रिषभ लागला की गलबलून यायचं. त्यासाठी जपान आणि भारतानं मिळून केलेलं १९९२ चं 'रामायण' ऐका. यूगो साको यांनी ते घडवलं, संगीत वनराज भाटियांचं. भाटिया लंडन-पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेले, आणि रागसंगीताचीही जाण असलेले. त्यामुळं वाद्यवृंद मोठा असूनही गोष्ट आपल्या घरातली वाटते. २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा मोठ्या पडद्यावर आलं तेव्हा नातवाला मुद्दाम दाखवलं. तिथं संगीत काढा, चित्र सुंदरच राहील, पण ते कुठल्या देशाचं ते सांगायला जरा वेळ लागेल.

कागदपेन्सिल

मास्तर, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. पियानो म्हणजे दुःख हे शिकवलेलं असेल, तर ती सवय झाली, कथन कसलं? आणि सगळीकडे ती एकच सवय पसरतेय. संकलनाच्या वेळी दुसऱ्याच कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावतात, टेम्प ट्रॅक. दिग्दर्शकाच्या कानात ते मुरतं. मग संगीतकार येतो आणि त्याला सांगतात, असंच दे, फक्त खटला होणार नाही एवढं वेगळं. त्यामुळं ड्रॅगन असो, पांडा असो, उड्डाण आलं की तेच शिंग, तेच ढोल.

दोन_पोरांची_आई

ड्रॅगनवर घसरू नका हं! 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मधलं जॉन पॉवेलचं ते पहिल्या उड्डाणाचं संगीत ऐकून आमचा थोरला सोफ्यावरून उडी मारतो.

अर्धवट_रेंडर

सर, नमस्कार. मी तुमच्याच बॅचचा, नाव सांगत नाही. डिप्लोमा फिल्म अडकलीय. चार मिनिटांची आहे. कागलकडचं गुऱ्हाळ, रात्रीची पाळी, म्हातारा गुळव्या (गूळ करणारा) आणि एक कुत्रं. काहिलीत रस उकळतोय, मळी काढतायत, चुलवाणात जाळ. म्हाताऱ्याचा तो शेवटचा हंगाम आहे, पण हे कुणी बोलून दाखवत नाही. इंटरनेटवरचा फुकटातला पियानो लावून मी सगळं संकलन करून टाकलंय आणि आता ते पियानोशिवाय बघवत नाही. मित्र बासरी वाजवतो, तो उद्या संध्याकाळी येतोय. काय करू?

कागदपेन्सिल

पियानो आजच्या आज पुसून टाक. काहिलीचा रटरटाट, फळी फिरल्याचा आवाज, कुत्र्याचं धापणं, हे सगळं जाऊन रेकॉर्ड कर. स्टॉकचे आवाज नकोत. शेवटचा हंगाम आहे हे त्याच्या हातातून दिसू दे. पाक तयार झाला का ते बघायला गुळव्या पाण्यात थेंब सोडून गोळी वळतो ना, तो हात जवळून काढ. दरवर्षीच्या सरावाचा हात, आणि या वेळी गोळी वळून झाली तरी तो ती टाकत नाही, बोटांत तशीच धरून बसतो. ते जमलं तर संगीत लागणार नाही. जमलं नाही तर संगीतानं झाकलं जाणार नाही.

ठेका_सोळा

आवाज रेकॉर्ड कर, हे सरांचं बरोबर. पण रस ढवळणारा गडी कुठल्या लयीत ढवळतो ते आधी मोज. समज एका फेरीला ४८ फ्रेम, म्हणजे दोन सेकंद. तीच तुझी मात्रा. सगळ्या हालचाली त्यावर बसव, कुत्र्याचं शेपूटसुद्धा. पाक घट्ट होत जाईल तशी फेरी जड होते, ५२, ५६, ६०. एकही वाद्य न लावता लय उतरत जाईल आणि बघणाऱ्याला कारण न कळता पोटात कालवेल. हे संगीतच आहे, सरांना सांगू नकोस.

कागदपेन्सिल

वाचतोय मी.

मंगळवार_पेठ

गूळ तयार झाल्यावर ढेप कुठं पाठवायची त्येचा पत्ता देतो.

अर्धवट_रेंडर

पण बासरीवाल्याला काय सांगू? त्याला हो म्हणून बसलोय.

कागदपेन्सिल

ये म्हणावं, बासरी घरी ठेवून. आधी त्याला गुऱ्हाळावर ने आणि रात्रभर बसव.

ठेका_सोळा

बासरी आणू दे. सरांकडं मी बघतो.