पायथन आणि जावाचा सीआरसी-३२ (बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही. ‘परळ’ आणि ‘शीव’ला एकच आकडा!

घाटकोपर_स्लो: लोकल स्थानकांच्या मराठी नावांची यादी आहे. पायथन ३ मध्ये झेडलिब लायब्ररीने प्रत्येक नावाचा सीआरसी-३२ काढतो, विंडोज सर्व्हरवर जावा ८ तोच पडताळून पाहतं. चाचणीला एक ते नऊ हे इंग्रजी अंक सलग दिले, तर पायथन म्हणतं ३४२१७८०२६२ आणि जावा म्हणतं -८७३१८७०३४. मराठी नावं तर एकही जुळत नाहीत. त्यात जावात ‘परळ’ आणि ‘शीव’ला चक्क सारखाच आकडा येतो. अल्गोरिदम वेगळा आहे का?

बाइटमोजणी: अल्गोरिदम तोच आहे. उणे आकड्यात ४२९४९६७२९६ मिळवून बघा, पायथनचंच उत्तर येईल. जावा मुळात लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) देतं, तुम्ही ते इंटमध्ये (३२ बिटांत) कोंबलंय, म्हणून उणे दिसतं. लाँगच ठेवा. हेक्समध्ये (सोळाच्या पायात) साठवत असाल तर आठ घरं भरा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात.

परळ-शीवचं दुखणं निराळं. गेटबाइट्सला (मजकुराचे बाइट करणारी जावाची मेथड) एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या चिन्हाचे कुठले बाइट हा नियम, दिलेलं नसणार. जावा १७ पर्यंत अशा वेळी मशीनचं कोडपेज (चिन्हांचा ठरलेला तक्ता) वापरलं जातं. विंडोजवर ते बहुधा १२५२ असतं, त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. प-र-ळ तीन, श-ी-व तीन. दोन्हींची तीन-तीन प्रश्नचिन्हं, मग सीआरसी एकच! यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. आकडा बघण्याआधी बाइट मोजा: ‘परळ’चे ९ हवेत. ८ आले तर कुणीतरी यूटीएफ-१६ लावलंय, सहा अक्षरांचे आणि दोन सुरुवातीच्या बीओएमचे (बाइटचा क्रम सांगणारी खूण).

कॉटनग्रीन: एवढं करूनही यादीत मेट्रोची ‘ॲक्वा लाइन’ घातलीत तर ती अडेल. ‘ॲ’ एकाच चिन्हाचा असेल तर ३ बाइट, अ आणि वरचा चंद्र वेगळे टाइप केले तर ६, मध्ये न दिसणारा जोडक घुसला तर ९. पडद्यावर तिन्ही सारखेच. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणारी युनिकोडची पद्धत) ‘दुसऱ्या’तला र आणि नुक्ता असा वेगळा टाइप केलेला ‘ऱ’ सुधारतो, पण ‘ॲ’ला ते हातही लावत नाही, तिथे बदली स्वतः लिहावी लागते, आणि ती दोन्हीकडे एकच हवी.

बाइटमोजणी: पुढे पीएचपी आलं तर हॅश फंक्शनला ‘सीआरसी३२बी’ सांगा. शेवटच्या ‘बी’शिवायचा प्रकार वेगळा आहे. आणि त्याच नऊ अंकांना कुठे ३८०८८५८७५५ दिसलं, तर ते सीआरसी-३२सी, त्याचं बहुपद, म्हणजे आकडा काढायचं मूळ सूत्रच, दुसरं.

घाटकोपर_स्लो: ‘परळ’ ९, ‘शीव’ ९, आकडे जुळले. फक्त ‘चर्नी रोड’ अडलं होतं, पायथनकडच्या फाइलीत शेवटी एक स्पेस निघाली.