नववीपासून 'फाउंडेशन' लावावं का? लेकीच्या नववी-दहावीच्या तयारीसाठी मदत हवी आहे (ठाणे-कळवा)

नमस्कार. मुलगी आठवी पास झाली, जूनमध्ये नववीत जाईल. स्टेट बोर्ड, सेमी-इंग्रजी. शाळा नौपाड्यात, आम्ही राहतो कळव्याला. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा द्याल?

निकालाच्या दिवशी वर्गातल्या काही मुलींच्या आयांबरोबर एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते. नववी-दहावी फाउंडेशन, म्हणजे जेईई-नीटची आतापासूनच तयारी, आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. तिथल्या बाई म्हणाल्या, जेईई-नीटची तयारी अकरावीत सुरू करणारी मुलं मागे पडतात, जागा थोड्याच उरल्यात, रविवारपर्यंत कळवा. फी एकरकमी भरायची, ती आमच्या दोघांच्या मिळून दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. ह्यांची महाप्याला शिफ्ट, मी मुलुंडला नोकरीला. पोर शाळेतून परस्पर क्लासला जाणार आणि लोकलच्या गर्दीतून नऊ-सव्वानऊला घरी पोचणार.

तरीही पोटाला चिमटा काढून भरले असते पैसे. पण परवा रात्री एक गोष्ट घडली. सहज तिला 2/3 + 1/4 करायला दिलं. तिने क्षणात 3/7 लिहिलं. आठवीला गणितात 84 आहेत तिला! मी विचारलं, अर्ध्या पोळीत पाव पोळी मिळवली तर किती? "पाऊण." म्हटलं, आता तेच कागदावर कर. तिने 1/2 + 1/4 = 2/6 लिहिलं आणि बघतच राहिली. "आई, हे पाऊण नाहीये." मग खोडत बसली. कागद फाटला तरी खोडतच होती. शेवटी हळूच म्हणाली, "मी परीक्षेला वहीतली गणितं पाठ करते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक तिची नाही. मी दरवर्षी गुणपत्रिका बघितली, वही कधी बघितलीच नाही.

दुसरं म्हणजे तिची चित्रकला. सरकारी चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरी झाली आहे, इंटरमिजिएट बाकी आहे. क्लासच्या बाई म्हणाल्या, दोन वर्षं चित्रकला बंद ठेवा. ती तिथे काहीच बोलली नाही. घरी आल्यावर दप्तरातली चित्रांची वही काढून कपाटावर ठेवली. पहिल्याच पानावर खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर आहे, पावसाळ्यातला.

क्लास लावू का? नाही लावला तर तिचं नुकसान होईल का? आणि कच्चं राहिलेलं गणित आता कसं भरून काढायचं?

खारेगावकर मास्तर

ताई, नववी-दहावीला गणित शिकवण्यात माझी हयात गेली. 3/7 लिहिणारी मुलं दर वर्गात असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गुणही चांगले असतात. तुमच्या लेकीला "हे पाऊण नाहीये" हे स्वतःचं स्वतःला दिसलं. माझ्या लेखी ती अर्धी लढाई जिंकली आहे.

आज नववीचं पुस्तक उघडू नका. पाचवी ते आठवीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, ती उतरवून घ्या. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर-प्रमाण, कंस सोडवणं आणि एका चलातली समीकरणं, एवढंच मे महिन्यात पक्कं करायचं. रोज पाऊण तास पुरे. दहावीची वर्गसमीकरणं घ्या की समरूप त्रिकोण, मुलं तिथे अडतात ती नव्या धड्यामुळे नाही, या जुन्या गोष्टींमुळे. समरूपतेत तर पानोपानी गुणोत्तरच असतं.

पद्धत सांगतो. तिने एक उदाहरण सोडवायचं आणि प्रत्येक पायरीला तुम्हाला सांगायचं, हे असं का केलं. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, तुम्ही फक्त "का?" विचारा. सांगता आलं नाही की पायरी पाठ केलेली आहे असं समजा. गाईड घरात असू द्या, पण दहा मिनिटं डोकं चालवल्याशिवाय उघडायचं नाही. अपूर्णांकाला कागदाच्या घड्या घाला, मोठी मुलगी आहे म्हणून लाजू नका.

दहावीला गणित भाग 1 आणि भाग 2 प्रत्येकी 40 गुणांचे, 20 अंतर्गत. बीजगणितात घसरली तर भूमिती सावरेल या भरवशावर राहू नका, दोन्हीकडे हेच लागतं.

वाशीची आई

माझा मुलगा यंदा बारावी झाला. आम्ही नववीपासून फाउंडेशन लावलं होतं, म्हणून अनुभवाचं सांगते. विज्ञानाची गोडी लागली, हे खरं. पण जेईई आणि नीट दोन्हींचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, साधारण 20 टक्के भाग अकरावीचा आणि 80 टक्के बारावीचा. नववीत क्लास लावला नाही म्हणून कुठलंही दार बंद होत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. आमचा मुलगा दहावी संपेपर्यंतच दमला होता. अकरावीत, जेव्हा खरा जोर लावायचा, तेव्हा पुस्तक बघून त्याला नकोसं व्हायचं. रात्री साडेअकराला जेवण, सकाळी सहाला उठणं. या वयाच्या मुलांना आठ-दहा तास झोप लागते हो, ती कुठून आणायची?

पैसे अकरावीसाठी बाजूला ठेवा. आणि आत्ताच एक डोक्यात असू द्या: अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात, पण पहिल्या पसंतीचं मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. उगाच नाव मोठं म्हणून लांबचं कॉलेज पहिलं टाकू नका. आम्ही ती चूक केली आणि पोराने दोन वर्षं रोज तीन तास प्रवासात काढले.

दिव्याहून

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं. मुलाला क्लासमध्ये निदान तीन तास शांत बसायला मिळतं, बरोबरीची मुलं भेटतात. सरसकट क्लास वाईट म्हणू नये. मात्र फाउंडेशन नाही, घराजवळच्या सरांकडे फक्त गणित-विज्ञान लावलंय. वर्गात पंधरा मुलं आहेत, सर वही स्वतः तपासतात. ताई, कुठेही जा, पण वही कोण तपासणार हे आधी विचारा.

चित्रकला शिक्षिका, ठाणे

इंटरमिजिएट सोडू देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. एलिमेंटरी झालेल्या मुलांना इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, त्यामुळे प्रमाणपत्र जपून ठेवा आणि दहावीत शाळेला वेळेवर आठवण करा. पण मी काही गुणांसाठी सांगत नाहीये. वही कपाटावर गेली हे वाचून मला भरून आलं. पुढे बीएफएला (चित्रकलेच्या पदवीला) बारावी कुठल्याही शाखेची चालते. आर्किटेक्चर मनात आलं तर मात्र गणित लागतंच. म्हणजे तिला गणित आणि चित्रं दोन्ही हवीत, एकासाठी दुसरं बंद करायचं कारण नाही. दृश्यचित्रातलं अंतर, उंची, प्रमाण हे सगळं ती हाताने करतेच आहे. मास्तरांनी सांगितलेलं गुणोत्तर तिला डोंगराच्या चित्रावरच शिकवून बघा.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुम्ही लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. "अर्धी लढाई" ऐकून पहिल्यांदा हसली. क्लासला आज "नाही" असं कळवलं. बाईंनी दोनदा फोन करून सवलत वाढवली, तरी नाहीच म्हटलं.

काल रात्री कागदाच्या घड्या घातल्या. आधी तिने तोंड वाकडं केलं, मग बारा भागांची घडी स्वतःच घातली आणि 8 आणि 3 भाग रंगवले. 11/12 मिळाल्यावर म्हणाली, "म्हणजे जवळजवळ पूर्ण पोळी, आणि मी 3/7 लिहिलं होतं, अर्ध्याहून कमी!" चित्रांची वही अजून कपाटावरच आहे, मी मुद्दाम काढली नाही. तिची तिने काढावी असं वाटतं.

दिव्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे वही तपासणारे सर शोधतेय. कळवा-खारेगाव-विटावा भागात गणिताची छोटी बॅच घेणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.

आणखी एक, शाळेत सोमवारी फॉर्म द्यायचा आहे: पूर्ण 100 गुणांचं हिंदी की 50-50 संयुक्त हिंदी-संस्कृत? तिला संस्कृत आवडतं, पण गणितासाठी रोजचा पाऊण तास काढायचाय, त्यात नवं ओझं नको असंही वाटतं. टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांची धरतात हे माहीत आहे, पण पास तर सगळ्यांतच व्हावं लागतं. ज्यांच्या मुलांनी संयुक्त घेतलं होतं त्यांनी कृपया रविवारपर्यंत सांगा.