भावाचा पाय मोडला, क्लेम किती भेटन?

पांढरं_सोनं: लहान भाऊ कापसाच्या जिनिंगवरून गाडीनं घरी येत होता न मागून पिकअपनं ठोकलं, मांडीत रॉड टाकला, आता पिकअपवाला म्हणते तीस हजार घे न मिटव. घ्याव का भौ?

वणीकर: कायच्याच कागदावर सही करू नको बाप्पा! मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली केस टाक, मुदत ६ महिन्याची हाय. पिकअपची पॉलिसी चालू असन तर पैसे इन्शुरन्स कंपनी भरते. दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी, येण्याजाण्याचं भाडं, दुखण्याचे वेगळे, न पाय अधू राहिला तं पुढच्या कमाईचेही. चूक सिद्ध न करता कलम १६४ मधे गंभीर इजेचे २.५ लाख भेटते पण मग १६६ सोडा लागते.

काळी_माती: अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढजो. कोर्ट नुसता टक्का नाही पाहत, कामावर काय फरक पडला ते पाहते, वखर धरणाऱ्याचा पाय न ऑफिसातल्या बाबूचा पाय सारखा नसते न.

पांढरं_सोनं: एफआयआर झाली हाय. त्याची पॉलिसी कुठं पाहू?

वणीकर: सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीनंबर टाक, दिसते. न मेडिकलच्या पावत्यायचे झेरॉक्स आजच मार, त्याची शाई उडते लेका.