मदत हवी आहे: पुण्यात वाटपाच्या दाव्यासाठी अनुभवी दिवाणी वकील कसा पारखावा?

नमस्कार. माझ्या आईच्या जमीनवाटपाच्या दाव्यात वकील बदलण्याची वेळ आली आहे. कृपया कोणाही वकिलाचे नाव सुचवू नये, मीही लिहिणार नाही. मला हवी आहे ती पारख करण्याची रीत.

आईच्या माहेरची वडिलोपार्जित शेतजमीन हवेली तालुक्यात आहे. आजोबा २००९ साली मृत्युपत्र न करता वारले. जमिनीचा मोठा भाग १९९१ च्या एका फेरफाराने, म्हणजे महसुली दप्तरातील नावबदलाच्या नोंदीने, दोन्ही मामांच्या नावावर गेलेला आहे, हे आईला समजले ते थेट २०२० मध्ये, गावात विकसकांच्या गाड्या फिरू लागल्यावर. पुढच्या वर्षी तिने शिवाजीनगरच्या न्यायालयात वाटपाचा दावा दाखल केला. मामांची कैफियत अशी की १९९१ मध्येच तोंडी वाटप झाले होते आणि त्यामुळे आईचा हक्क उरलेला नाही. आईचे लग्न १९७८ चे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केले तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, त्यामुळे तिची सारी भिस्त विवाहित मुलींनाही तोच हक्क देणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीवर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालावर आहे. त्या निकालात तोंडी वाटपाचा बचाव सहजासहजी मान्य करू नये असे म्हटले आहे, मात्र सार्वजनिक दस्तऐवजाचा आधार असेल तर अपवाद ठेवला आहे. म्हणजे हा दावा शेवटी त्या एका फेरफारावर आणि त्याविषयी होणाऱ्या उलटतपासावर उभा राहणार किंवा पडणार, इतके मला कळते.

सध्याचे वकील गृहस्थ म्हणून सज्जन आहेत. आमच्या कोथरूडच्या सदनिकेचा दस्त आणि त्याआधीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) त्यांनीच केला होता आणि तो चोख होता. त्याच विश्वासाने आम्ही दावाही त्यांच्याकडे दिला. ही चूक आमची. दस्त करणारा आणि दावा लढवणारा हे दोन वेगळे कारागीर असतात, हे तेव्हा ध्यानात आले नाही. निशाणी ५, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, अजून युक्तिवादावरच पडून आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकून एका रात्री मी प्रत्येक तारखेचे कामकाज उघडून वाचले, तर सहा ठिकाणी एकच मजकूर सापडला: ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर.’ त्यांतला एक अर्ज दोनशे रुपये खर्चावर मंजूर झाला होता आणि तो खर्च भरला होता की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हते. त्या सहापैकी चार तारखांना आई वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून, गुडघे धरत, पुकाऱ्याच्या आधी बाकावर जाऊन बसलेली होती. (मोठे मामाही त्याच बाकावर बसतात. ते तिला पाण्याची बाटली देतात आणि ती घेते. या नात्याचे कोणत्या कलमात काय करायचे, ते मला अद्याप उमगलेले नाही.)

आता मुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) निघाले आहेत आणि पुढच्या तारखेला आईच्या सरतपासाचे शपथपत्र, म्हणजे तिची स्वतःची साक्ष लेखी स्वरूपात, द्यायचे आहे. गेल्या महिन्याभरात आम्ही तीन वकिलांना भेटलो.

पहिल्यांनी कागद न उघडताच ‘शंभर टक्के आपलाच निकाल’ असे सांगितले आणि फी म्हणून मिळणाऱ्या हिश्श्याचे दहा टक्के मागितले. निकालावर अवलंबून असणारी किंवा मालमत्तेत वाटा घेणारी फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनीच मनाई आहे, त्यामुळे तिथे पुन्हा जाण्याचा प्रश्न नाही.

दुसऱ्यांची ओळख ‘फार सीनियर आहेत’ अशी करून देण्यात आली होती. वयाने ते आहेतच. परंतु उच्च न्यायालयाने ज्येष्ठ अधिवक्ता म्हणून नामनिर्देशित केलेली व्यक्ती स्वतः वकीलपत्र (पक्षकारातर्फे काम चालवण्याचे अधिकारपत्र) दाखल करीत नाही, दुसऱ्या वकिलासोबत उभी राहते. हे गृहस्थ वकीलपत्र घ्यायला तयार होते, यावरून तो शब्द कौतुकाचा होता एवढेच कळले. त्यांनी फी टप्प्याटप्प्याने सांगितली, पावती देऊ म्हणाले, गावची वहिवाट आणि महसुली कागद त्यांना उत्तम समजतात. शेवटचा पूर्ण उलटतपास आपण स्वतः कधी घेतला, या प्रश्नावर मात्र त्यांनी विषय बदलला.

तिसऱ्या वकीलबाईंचे वकिलीतील वय जेमतेम चौदा वर्षे. त्यांनी वादपत्र व कैफियतीच्या नकला आठ दिवस आधी मागवून घेतल्या होत्या आणि भेटीत त्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या दिसल्या. नमस्कार झाल्यावर त्यांनी मला बोलू नका असे सांगितले आणि आईलाच विचारायला सुरुवात केली. एकोणतीस वर्षे सातबारा का पाहिला नाही? दर संक्रांतीला माहेरी जात होता ना, मग शेत कोण कसते हे दिसत नव्हते? आजोबा गेल्यानंतर कोणत्याही कागदावर सही केली होती का? आई आधी नाही म्हणाली. त्यांनी तोच प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारला, तेव्हा आई बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करीत राहिली आणि म्हणाली, ‘वर्षश्राद्धाच्या दिवशी घेतली होती एक सही, शंभराच्या मुद्रांकावर. वारस नोंदीसाठी लागते म्हणाला दादा.’ ही गोष्ट वादपत्रात नाही. ती आम्हा भावंडांनाही ठाऊक नव्हती. बाईंनी शांतपणे सांगितले की नोंदणी न झालेल्या हक्कसोडपत्राने स्थावर मिळकतीतला हक्क जात नाही, पण तो कागद लपवला असे उलटतपासात निघाले तर आईच्या बाकीच्या सांगण्यावरचा विश्वास जातो.

माझे मन या बाईंकडे कलते, तरी दोन शंका आहेत. त्या म्हणाल्या की साध्या तारखांना त्यांचे कनिष्ठ सहकारी येतील, पुरावा आणि युक्तिवादाला मात्र त्या स्वतः उभ्या राहतील. हे चालवून घ्यावे का? आणि सध्याच्या वकिलांनी वकील बदलण्यास ना हरकत दिली नाही किंवा कागद अडवले तर काय करावे? याखेरीज वकिलाचा न्यायालयातला खरा अनुभव बाहेरच्या माणसाला तपासता येतो का?

प्रतिसाद: निवृत्त_नाझर

ताई, आयुष्य दिवाणी न्यायालयाच्या कारकुनीत गेले, म्हणून लिहितो. आपण सीएनआरवरून स्वतःचा दावा पाहिलात, तसाच शोध त्याच संकेतस्थळावर वकिलाच्या नावानेही घेता येतो. पुणे जिल्हा निवडून निकाली दावे काढा. किती दावे आहेत ते मोजू नका. गुणदोषांवर निकाली निघालेले किती आणि गैरहजेरीत काढून टाकलेले किती, ते पाहा. नंतर दोन-तीन दाव्यांच्या पुराव्याच्या तारखा उघडून वाचा. सारखा ‘मुदत अर्ज’ दिसला तर काय ते समजा. वीस वर्षे तारखा घेण्याचा अनुभव हाही अनुभवच असतो.

कनिष्ठांविषयी तक्रार करू नका. एका सकाळी चार न्यायालयांत पुकारा असतो, कोणीही सगळीकडे पोहोचत नाही. फक्त कनिष्ठाचे नाव वकीलपत्रावर आहे का ते पाहा आणि ‘उलटतपास मी घेईन’ हे फीच्या पत्रात लिहून घ्या.

ना हरकतीचे असे आहे. आधीच्या वकिलांना भेटून, उरलेली फी चुकती करून, नव्या वकीलपत्रावर त्यांची सही मागा. बहुतेक जण देतात. नाही दिली तर न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येते, तसा अर्ज करावा लागतो. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. तरीही भांडत बसण्यापेक्षा नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नकला काढून ठेवा.

प्रतिसाद: आंबेगावकर

माझ्या मते तुम्ही प्रश्न सोडवूनच इथे आला आहात. घाई मात्र करा. सहीची गोष्ट वादपत्रात घालायची असेल तर दुरुस्ती अर्ज लागेल, आणि पुरावा सुरू झाल्यानंतर तो मिळवताना ‘हे आधी का सांगितले नाही’ याचे उत्तर द्यावे लागते. शपथपत्र जुन्या वकिलांकडून मुळीच दाखल होऊ देऊ नका. माझ्या चुलत्यांच्या दाव्यात तेच झाले आणि पुढचे वकील अखेरपर्यंत त्या शपथपत्राची डागडुजी करीत बसले.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

धागाकर्ती:

दोघांचेही आभार. कोर्ट फी स्त्री पक्षकार म्हणून माफ झालीच होती, वकिलाची फी आम्ही भावंडे मिळून देऊ शकू.

काल रात्री सुचवल्याप्रमाणे दुसऱ्या वकिलांच्या आणि वकीलबाईंच्या नावाने शोध घेतला. दुसऱ्या वकिलांच्या नावावर दाव्यांची रांग मोठी आहे, परंतु मी उघडलेल्या पाच दाव्यांपैकी तीन तडजोडीत संपले आहेत आणि दोन गैरहजेरीत काढून टाकलेले आहेत. वकीलबाईंचे दावे त्यांच्या निम्म्यानेही नाहीत. त्यांतल्या एका वाटपाच्या दाव्यात ओळीने चार तारखांना ‘प्रतिवादीच्या साक्षीदाराचा उलटतपास अंशतः झाला, पुढे चालू’ असे आहे. चार तारखा एकाच साक्षीदारावर. त्या दाव्याचा निकाल त्यांच्या विरोधात गेला आहे, तरी माझे मत बदलले नाही.

सोमवारी सध्याच्या वकिलांकडे पेढे घेऊन जात आहे, कारण सदनिकेचा दस्त त्यांनी खरोखरच चांगला केला होता. ना हरकतीची सही तिथेच मागेन. आई म्हणते की त्या मुद्रांकाचे बाईंना सांगितले हे मामांना आधी कळवावे का. तिला मी नको म्हणाले आहे, पण या बाबतीत वकिलांचा सल्ला काय असतो हे कोणी सांगू शकेल का?