कोळशाचे संच बंद केले तर संध्याकाळी सातला ग्रिड कोण धरणार?

शिरोली_मेल्टर

मंडळी, सरळ तांत्रिक प्रश्न आहे, घोषणाबाजी नको. दुपारी सौर वीज भरपूर असते हे मान्य. पण संध्याकाळी सातला घरं, इचलकरंजीचे माग आणि आमच्या लोखंड वितळवायच्या भट्ट्या एकदमच वीज ओढतात. तेव्हा सोलापूरचे ६६० मेगावॅटचे दोन संच आणि जयगडचे ३०० चे चार संच कामाला येतात. जयगडची वीज घाट चढून न्यू कोयना आणि कराडमार्गे आपल्या बाजूला येते.

१) १,९६० मेगावॅटची कोयना उशाला असताना एवढी चिंता का?
२) बॅटरी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज देते म्हणतात. मग जडत्वाचा, म्हणजे जनरेटरच्या फिरत्या वजनात साठलेल्या ऊर्जेचा, एवढा बाऊ कशाला?
३) एखादा संच कायमचा बंद करण्याआधी नक्की काय काय तयार असायला हवं?

पारेषण_४००

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. कोळशाचा संच चार कामं करतो आणि पैसे मुख्यतः एकाच कामाचे घेतो, युनिट विकण्याचे. बाकीची कामं फुकटात होत होती, म्हणून कुणी मोजली नाहीत.

दुसरं काम जडत्वाचं. त्याचं गणित बघा. ५०० मेगावॅटच्या संचाचं जनरेटर साधारण ५८८ एमव्हीएचं (एमव्हीए हे जनरेटरच्या एकूण क्षमतेचं माप) असतं. जडत्व स्थिरांक ४ सेकंद धरला तर फिरत्या वजनात सुमारे २,३५० मेगाजूल साठलेले असतात. समजा ग्रिडवरच्या सगळ्या फिरत्या यंत्रांत मिळून ५ लाख मेगाजूल आहेत आणि २,००० मेगावॅट अचानक गेले. वारंवारता सेकंदाला ०.१ हर्ट्झ या वेगाने पडायला लागते. कुणीच हात दिला नाही तर ५० वरून ४९.४ ला यायला ६ सेकंद. तिथून खाली वारंवारता रिले (बिघाड ओळखून आपोआप वीज तोडणारी उपकरणं) फिडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइन, तोडायला सुरुवात करतात. जडत्व निम्मं झालं की हाती ३ सेकंद उरतात. वाफेच्या टर्बाइनचा गव्हर्नर व्हॉल्व्ह उघडून खरी ताकद मिळायलाच काही सेकंद जातात. म्हणजे शर्यत हरलीच.

बॅटरी इथे उपयोगी पडते, शंभर-दोनशे मिलिसेकंदांत पूर्ण ताकद देते. पण ती कोणत्या इन्व्हर्टरवर (बॅटरीची किंवा सौर वीज ग्रिडला चालेल अशी करणारं उपकरण) बसवली आहे ते विचारा. ग्रिडच्या मागे चालणारा इन्व्हर्टर आधी व्होल्टेजची लाट वाचतो, मग तिच्याशी ताल धरतो. लाटच वेडीवाकडी झाली तर तोही चुकतो. स्वतः लाट तयार करणारा इन्व्हर्टर वेगळा असतो. निविदेत हे स्पष्ट लिहिलं नाही तर पहिला प्रकारच मिळतो, कारण तो स्वस्त पडतो.

तिसरं काम शॉर्ट सर्किट प्रवाहाचं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. लाइनवर दोष झाला की फिरतं जनरेटर आपल्या क्षमतेच्या पाच-सहा पट प्रवाह ढकलतं. त्यावर रिलेला दोष ओळखता येतो. इन्व्हर्टर १.१ ते १.२ पटीवर थांबतो, नाहीतर त्याचे ट्रान्झिस्टर जळतील. मग ओव्हरकरंट रिलेला दोष आणि साधा भार यांतला फरकच कळत नाही. एखाद्या भागात फिरती यंत्रं कमी झाली की तिथलं सगळं रिले सेटिंग नव्याने करावं लागतं.

आणि चौथं, व्होल्टेज. स्पेन-पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ ला अंधारात गेले तेव्हा सगळे जडत्वाच्या नावाने ओरडले. तपासात मुख्य कारण निघालं ते साखळीने वाढत गेलेलं व्होल्टेज. बरेच अक्षय ऊर्जा प्रकल्प ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते, व्होल्टेज बघून रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वरखाली करणारी वीज) बदलण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतंच.

कोयनाकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाण्यात आहे, मेगावॅटमध्ये नाही.

पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला कोयनेला कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. ४७५ मीटर उंची आणि ९० टक्के कार्यक्षमता धरली तर १ टीएमसी पाण्यातून साधारण ३.३ कोटी युनिट निघतात. टप्पा १, २ आणि ४ मिळून १,६०० मेगावॅट. ते पूर्ण ताकदीने चालवले तर १ टीएमसी २० तासांत संपतं. वर्षाचा कोटा ३६५ दिवसांवर पसरला की रोजचे पावणेचार तास हातात येतात. टप्पा ३ खालचं तेच पाणी पुन्हा वापरतो, त्यामुळे थोडी भर पडते, पण तास वाढत नाहीत.

म्हणजे रोजची संध्याकाळ कोयना निभावेल. पण तीन दिवस ढग आणि वारा पडलेला असा प्रसंग आला तर नाही. आणि तो पावसाळ्यात येत नाही. जून ते सप्टेंबर वारा जोरात, मागणी कमी, धरण भरत असतं. खरी अडचण ऑक्टोबरात, वारा पडतो आणि पंप सुरू होतात. दुसरी अडचण एप्रिल-मेमध्ये. तेव्हा कोटाही संपत आलेला असतो आणि ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांसाठी पूर्वेकडेही पाणी सोडायचं असतं. मार्चमध्ये हात सैल सोडला की मेमध्ये हात बांधले गेलेच.

म्हणून उदंचन, म्हणजे तेच पाणी पंपाने वर नेऊन पुन्हा वीज करणं. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प चालू आहे. दुपारी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं, १०० युनिटला ७५ ते ८० परत मिळतात. सह्याद्रीचा कडा यासाठी उत्तमच, पण पाटगावच्या प्रस्तावावरून भुदरगडात जो वाद आहे तो पाण्याचा आहे आणि तो निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. एकदा भरलेलं पाणीच फिरवतात हे खरं. पण पहिली भरणी आणि दरवर्षीच्या बाष्पीभवनाची तूट कुणाच्या हिश्शातून जाणार, हे करारात आकड्यासकट हवं.

शिरोली_मेल्टर

पावणेचार तासांचं गणित डोक्यात नव्हतं. मग मागणीच दुपारी सरकवली तर? आमच्याकडे वर्षानुवर्षं रात्री १० नंतरच्या वीजदर सवलतीवर हीट (भट्टीत धातू वितळवायची एक खेप) लावायची सवय आहे.

उपसा_पंप

सरकवता येते, पण फुकटात नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी आणि उद्योगांना संध्याकाळच्या कमाल मागणीचा दर किमान १.२ पट ठरवलाय. १ टन लोखंड वितळवायला ५५० ते ६५० युनिट जातात, तेव्हा फरक खिशाला कळण्यासारखा आहे. अडचण दर नसून अस्तर आहे. भट्टीचं सिलिका रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या सिलिका भुकटीचं) अस्तर रोज पूर्ण थंड झालं की २०० ते २७० अंशांच्या दरम्यान त्यातला क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिक प्रकार) आकार बदलतो आणि बारीक चिरा पडतात. सकाळी घाईने पूर्ण पॉवर दिली तर चिरा मिटायच्या आत धातू आत शिरतो आणि कॉइलपर्यंत जातो. त्या पट्ट्यात हळू तापवा आणि अर्थ लीकेज मीटरवर (जमिनीकडे गळणारा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर) नजर ठेवा. दोन क्रुसिबल (धातू वितळवायची भांडी) असतील तर एक होल्डिंगवर, म्हणजे नुसतं गरम, ठेवणं परवडतं का, याचा हिशोब आधी करा.

शेतीचा भार त्याहून सोपा आहे. स्वतंत्र कृषी फिडर आणि उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची पद्धत पंप दिवसा चालवते. पण वीज परत आली की पंचगंगेच्या काठचे सगळे ऑटोस्विच एकाच क्षणी मोटारी उचलतात. सुरुवातीचा प्रवाह पाच-सहा पट, व्होल्टेज बसतं, मोटारी गुरगुरतात, रोहित्राचे फ्यूज जातात. प्रत्येक स्विचला वेगवेगळा वेळ लावला, ३० सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत, की हे टळतं.

पारेषण_४००

आता तिसरा प्रश्न. संच एकदम बंद करायचा नसतो, उतरवत न्यायचा असतो.

आधी किमान भार खाली आणायचा. २०२३ च्या नियमावलीत ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची अपेक्षा आहे. भार बदलण्याचा वेग ७० टक्क्यांच्या वर मिनिटाला ३ टक्के, ५५ ते ७० मध्ये २, त्याखाली १. एवढ्या खाली ज्वाला डगमगते, तेल जाळावं लागतं, आणि रोजच्या चढउताराने जाड भिंतीच्या हेडरला (बॉयलरच्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या मोठ्या नळाला) तडे जातात. तरी संध्याकाळी वर येणारा संच दुपारी ४० वर बसला तर सौर विजेला जागा मिळते.

मग पावसाळ्यात पूर्ण बंद, ऑक्टोबरला तयार. बॉयलर नायट्रोजन भरून किंवा कोरडी हवा फिरवून जपला नाही तर नळ्यांना आतून खड्डे पडतात. पडून राहिलेला कोळसा थर दाबून ठेवला नाही तर आपोआप पेटतो. हा खर्च कागदावर धरायला लोक विसरतात, आणि मग ऑक्टोबरात संच उठतच नाही.

शेवटी बॉयलर मोडीत, पण जनरेटर ठेवायचं. टर्बाइनपासून जोड तोडून ते सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून, म्हणजे वीज न बनवता नुसतं ग्रिडच्या तालावर, फिरवता येतं. त्यासाठी सुरू करायला मोटर किंवा स्टॅटिक फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर (वारंवारता हळूहळू वाढवत जनरेटर वेगात आणणारं उपकरण) लागतो. अक्षाचा धक्का सोसणारं थ्रस्ट बेअरिंग टर्बाइनच्या बाजूला असतं, ते गेलं की नवीन बसवावं लागतं. हायड्रोजन सील, तेलाचे पंप, थंड पाणी चालूच ठेवावं लागतं. टर्बाइनचं वजन गेल्यामुळे जडत्व घटतं, ते फ्लायव्हील लावून भरून काढतात. रोहित्र आणि यार्ड जागेवरच असतं, ही मोठी बचत. दक्षिण ऑस्ट्रेलियात शेवटचं कोळसा केंद्र मे २०१६ मध्ये बंद झालं आणि २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्टस्टाउनला चार नवे कंडेन्सर उभे राहिले. मधल्या काळात ग्रिड मजबूत ठेवण्यासाठी गॅसचे संच मुद्दाम चालू ठेवावे लागत होते. क्रम उलटा झाला की असा भुर्दंड बसतो.

एक राहिलंच, अंधारातून उठणं, म्हणजे सगळं ग्रिड बंद पडल्यावर पुन्हा सुरू करणं. कोळशाच्या संचाला स्वतःचे पंखे-पंप फिरवायलाच क्षमतेच्या सहा-आठ टक्के वीज बाहेरून लागते. जलविद्युत संच डिझेल सेट आणि बॅटरीवर उठतो. पण रिकामी ४०० केव्ही लाइन किलोमीटरला अर्धा एमव्हीएआरहून जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर देते, १०० किलोमीटरला ५५-६०. लहान जलसंचावर ती एकदम चढवली तर टोकाला व्होल्टेज उसळून सगळं पुन्हा तुटतं. रिअॅक्टर (ही जादा रिअॅक्टिव्ह पॉवर शोषणारी कॉइल) आधी जोडायचा, २२० केव्हीवरून जाता येत असेल तर तिकडूनच जायचं, आणि भार ५-१० मेगावॅटच्या घासाने द्यायचा. तुमच्या भट्ट्या या यादीत सगळ्यात शेवटी येतील, आधीच सांगून ठेवतो.